रांगत्या विलोवरचा पतंग : स्ट्रेन्सॉल कॉमनवरच्या प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी

आज फाटे कलमांसाठी काड्या कापल्या. रांगती विलो अजून झोपलेली आहे, कळ्या घट्ट मिटलेल्या आहेत, त्यामुळे हाच हंगाम. वीतभर लांबीच्या काड्या, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, ओल्या गोणपाटात गुंडाळून डब्यात. विलोत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. मागच्या एप्रिलमध्ये तुरे आले होते तेव्हाच झुडपांना दोन रंगांच्या फिती बांधून ठेवल्या होत्या, म्हणून आज दोन्हींच्या जुड्या वेगळ्या करता आल्या.

काड्या घेतल्या त्या दक्षिणेकडच्या रस्त्यालगतच्या झुडपांवरून. आमचा गट ज्या पतंगासाठी काम करतो तो डार्क बॉर्डर्ड ब्यूटी, ज्याची अळी इथं फक्त याच विलोवर वाढते, तिथं बऱ्याच वर्षांत कुणाला दिसलेला नाही. ज्या भागात तो उडतो तिथं हिवाळ्यात कात्री न्यायची नाही, असा गटाचा नियम आहे. हा पतंग हिवाळा अंड्याच्या रूपात काढतो. ऑगस्टपासून वसंतापर्यंत त्याचं अख्खं आयुष्य एका टिंबात असतं, आणि विलोवर कात्री चालवणारा माणूस ती टिंबं पाहू शकत नाही.

या महिन्यात गटात नवी मंडळी आली आहेत. त्यांच्यासाठी जागेची माहिती इथं एकदा लिहून ठेवते.

स्ट्रेन्सॉल कॉमन यॉर्क शहराच्या उत्तरेला साधारण १० किलोमीटरवर आहे. हिमयुगानंतर मागे राहिलेल्या वाळूचा सपाट प्रदेश. माती आम्लधर्मी आणि अगदी निकस, पाणी कुठे साचतं, कुठे भराभर मुरतं. अशा जमिनीवर जे माळरान तयार होतं त्याला इथं हीथ म्हणतात. हेदरची गुडघाभर झुडपं, ओल्या जागी चार पानांच्या चक्रांचं क्रॉस-लीव्हड हीथ, जांभळट मोलिनिया गवत, मध्येच बर्च आणि पाइन. हे रान माणसाविना झालेलं नाही. हजारो वर्षांपूर्वी जंगल तोडलं गेलं, मग गुरं-मेंढ्या चरल्या, जळणासाठी झुडपं आणि मातीची ढेपळं नेली गेली. झाडांना डोकं वर काढू दिलं गेलं नाही म्हणून माळ टिकला. इंग्लंडमधल्या अशा सखल माळरानांपैकी १८०० साली जेवढी होती त्याच्या जेमतेम सहावा हिस्सा आज उरलाय. बाकीची नांगराखाली गेली, पाइनच्या लागवडीखाली गेली, घरांखाली गेली. यॉर्कच्या खोऱ्यात नाव घेण्यासारखे तुकडे उरले ते स्ट्रेन्सॉल, स्किपविथ आणि ॲलरथॉर्प.

स्ट्रेन्सॉल वाचलं ते सैन्यामुळे. १८८० च्या दशकापासून ही जमीन लष्करी सरावासाठी आहे, आजही गोळीबाराचे पल्ले इथं आहेत. एक भाग यॉर्कशायर वाइल्डलाइफ ट्रस्टच्या राखीव क्षेत्रात येतो. लाल झेंडा वर असेल त्या दिवशी आत जायचं नाही. जमिनीवर धातूची कसलीही वस्तू दिसली तर हात न लावता कळवायचं. नव्या मंडळींनी हे दोन नियम बाकी सगळ्याच्या आधी पाठ करावेत.

आणि पतंग : डार्क बॉर्डर्ड ब्यूटी, शास्त्रीय नाव एपिओने व्हेस्परटारिया. पंखांचा विस्तार जेमतेम अडीच सेंटिमीटर. इंग्लंडमध्ये आता फक्त इथं. पूर्वी नॉर्थम्बरलँडमधल्या न्यूहॅमच्या दलदलीतही होता. स्कॉटलंडमध्ये मोजक्या जागा आहेत. म्हणजे या कॉमनवरून तो गेला तर इंग्लंडमधून गेला.

२७ फेब्रुवारी

बर्च उपटण्याचा या हिवाळ्यातला शेवटचा दिवस. मार्चपासून पक्षी घरटी करतात, मग झुडपांना ऑगस्टअखेरपर्यंत हात लावत नाही. बोटाएवढी रोपं मुळासकट निघतात, मनगटाएवढी झाली की करवत लागते आणि बुंध्यातून पुन्हा धुमारे येतात. म्हणून लहान असतानाच काढलेली बरी. विलोच्या ताटव्यांच्या कडेने दोऱ्या लावल्या होत्या, त्या दोरीच्या आत कुणी पाय ठेवला नाही. थंडीत वाकून काम करताना माणूस चार पावलं सोयीची वाट धरतोच, त्यामुळे दोरी हवीच.

१९ एप्रिल

रांगत्या विलोला तुरे आलेत. पानांच्या आधी तुरे येतात, नर झाडांचे पिवळेधमक, परागाने भरलेले. एकट्या राहणाऱ्या मातीमाश्या त्यांच्यावर तुटून पडल्या होत्या. हेदर फुलायला अजून चार महिने आहेत. एवढ्या लवकर या माळावर पोट भरायला दुसरं आहे तरी काय.

ही विलो आपल्याकडच्या वाळुंजाच्याच प्रजातीतली, सॅलिक्स. कृष्णा-वेण्णेच्या काठचा वाळुंज मोठा वृक्ष होतो. ही मात्र जमिनीलगत पसरते, कुठे घोट्याइतकी, कुठे मांडीपर्यंत. पानं बोटाच्या पेराएवढी, खालून रेशमी लव असलेली. वारा आला की ताटवा चंदेरी होतो आणि लांबूनही ओळखू येतो. नकाशा करताना आम्ही याचाच फायदा घेतो.

पिंजऱ्यांची पाहणीही केली. दोन हिवाळ्यांपूर्वी विलोच्या काही ताटव्यांभोवती लाकडी खुंट आणि तारेची जाळी लावली होती. ही संरक्षित जागा असल्याने एक खुंट ठोकायलाही नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंरक्षण संस्थेची संमती आणि लष्कराची परवानगी लागते. जाळीच्या आत विलोचे नवे शेंडे गुडघ्यापर्यंत आले आहेत. जाळीच्या बाहेर, हातभर अंतरावर, तीच विलो हेदरपेक्षाही खाली आहे आणि प्रत्येक शेंडा कुरतडलेला आहे. मी दोन्हींचे फोटो एकाच चौकटीत घेतले. बैठकीत मला वेगळं काही बोलावं लागणार नाही.

३ मे

मेंढ्यांचे मालक भेटले. वयाने मोठे, याच भागातले, बोलायला मोकळे. त्यांच्या मेंढ्या या माळावर पिढ्यान्‌पिढ्या चरत आल्यात. त्यांनी सरळ विचारलं, "मेंढ्या काढल्या तर पाच वर्षांत इथं बर्चचं जंगल होईल, मग तुमचा पतंग कुठे जाईल?" प्रश्न अगदी बरोबर आहे. मी त्यांना म्हटलं, मेंढ्या काढा असं आम्ही म्हणतच नाही. मेंढ्या नसत्या तर हा माळच नसता, आणि मोलिनिया गवत वाढून त्याच्या झुबक्यांखाली विलो गुदमरली असती. आमचं म्हणणं एवढंच, की मेंढीला कोवळा विलोचा शेंडा हेदरपेक्षा गोड लागतो, आणि ती पहिल्यांदा तिकडेच जाते. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा अंड्यातून अळी निघते आणि तिला नेमका तोच शेंडा हवा असतो, तेव्हा कळप दुसऱ्या बाजूला ठेवता येईल का?

ते लगेच हो म्हणाले नाहीत. त्या बाजूला पाणी कुठे आहे, कुत्री घेऊन फिरायला येणारे लोक किती, कोकरं लहान असताना कळप हलवायचा कसा, हे त्यांनी एकेक करून सांगितलं. सगळं लिहून घेतलं आहे. या प्रकल्पातली सगळ्यात उपयोगी माहिती मला आजवर अशाच बोलण्यांतून मिळाली आहे.

२१ मे

अळ्यांची पाहणी, रात्री. दिवसा ही अळी डोळ्यांसमोर असून दिसत नाही. तपकिरी, काडीसारखी, मागच्या पायांनी फांदी धरून अंग ताठ करून राहते. रात्री विजेरीचा झोत कडेने, जमिनीला समांतर टाकला की काडी आणि अळी यांच्या सावल्या वेगळ्या पडतात. ताटव्यावर वरून झोत टाकून उपयोग होत नाही.

एक चौरस मीटरची चौकट विलोवर अलगद ठेवायची, आतली प्रत्येक काडी पाहायची, मोजायची, चौकट उचलायची. अळीला हात लावायचा नाही. आज पिंजऱ्यांच्या आत मिळाल्या, आणि बाहेर ज्या ठिकाणी विलो हेदरच्या आडोशाने वाढली आहे तिथंही मिळाल्या. मोकळ्यावरच्या, खुरटलेल्या विलोवर एकही नाही. आकडे मोजणीच्या वहीत आहेत.

गोचिडींचा हंगाम सुरू झाला आहे. विजारी मोज्यांत खोचा, घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला नीट पाहा. लाइम रोगाची सुरुवात एका न दिसलेल्या गोचिडीपासून होते. ॲडर नावाचा विषारी साप उन्हाला वाटेवर येऊन पडतो, तो माणसाला टाळतो, आपणही त्याला वाट द्यायची.

८ जून

आई-बाबा साताऱ्याहून आले आहेत. बाबा कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले. आज त्यांना माळावर घेऊन गेले. विलोवरची अळी दाखवली तर चष्मा कपाळावर सरकवून दोन मिनिटं बघत राहिले.

"अगं, ही तर उंटअळीच की," म्हणाले. "अशीच पाठ वर काढून चालते. सोयाबीनवर हिच्यासाठी मी किती शेतकऱ्यांना फवारणी सांगितली असेल."

"बाबा, ही हिरवी उंटअळी नाही. चाल तशी, पण कुळ वेगळं. आणि हिला दुसरं काही चालत नाही, इथं फक्त ही एक विलो."

"म्हणजे ही कीड होऊच शकत नाही," ते म्हणाले. "कीड म्हणजे जिला मिळेल ते चालतं आणि मिळतंही भरपूर. हिला द्यायला तुमच्याकडे आहे काय? पाच-पन्नास ताटवे."

त्यांनी मग विचारलं की मोजणी कशी करता. प्रकाश सापळा त्यांच्या ओळखीचा, शेतावर किडीचा अंदाज घ्यायला तो त्यांनी वर्षानुवर्षं लावला आहे. इथं फरक एवढाच, की आमच्या सापळ्याच्या तळाशी पाणी-रॉकेल नसतं. अंड्यांचे कागदी ट्रे उभे लावलेले असतात, पतंग त्यांच्या खोबणीत शिरून बसतात, पहाटे मोजून सावलीत सोडून देतो. "मग मलाही ने पहाटे," म्हणाले.

अळ्या आता पूर्ण वाढीच्या जवळ आहेत. महिन्याच्या अखेरीपर्यंत कोषात जातील.

२९ जून

पिंजऱ्यांच्या आत-बाहेरची मोजमापं पूर्ण. विलोची उंची, शेंड्यांची संख्या, खाल्लेल्या शेंड्यांचं प्रमाण, शेजारी गवत किती, हेदर किती. एक गोष्ट मला पहिल्या वर्षी अपेक्षित नव्हती आणि आता दरवर्षी वाढताना दिसते : ज्या पिंजऱ्यांना जास्त काळ झाला आहे त्यांच्या आत मोलिनिया गवतही फोफावलंय. हवेतून येणाऱ्या नत्राने त्याला आणखी बळ मिळतं, गाड्यांच्या धुरातून आणि शेतीतून ते या निकस मातीवर येऊन पडतं. गवताचे झुबके मांडीपर्यंत आहेत, गेल्या वर्षीचं वाळलेलं पातं खाली गादीसारखं साचलंय, आणि त्यातून विलोचा शेंडा वर यायला धडपडतोय. विलोला मेंढीपासून वाचवलं, पण तिच्या शेजारच्या गवतालाही त्याच जाळीने वाचवलं.

यावर अर्धा दिवस चर्चा झाली. काहींचं मत, गवत हाताने कापावं. माझं मत, पिंजरा हे कायमचं घर नाही. दोन-तीन वर्षं विलोला वाढू द्यावं, मग जाळी काढून शेजारच्या ताटव्याभोवती लावावी आणि इथं थोडी चराई येऊ द्यावी. पाळीपाळीने.

यावरून कासचं पठार आठवलं. तिथंही फुलांना वाचवायला जाळीचं कुंपण घातलं, गुरांची चराई थांबली, पुढे गवत माजून फुलं कमी होतायत अशी तक्रार गावकऱ्यांनी आणि अभ्यासकांनी केली, आणि ते कुंपण काढण्यात आलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "गुरं किती, कोणत्या महिन्यात आणि किती दिवस, एवढंच विचारायचं असतं. गुरं हवीत का नकोत, हा प्रश्नच नव्हे." त्यांचं हे वाक्य सप्टेंबरच्या बैठकीच्या टिपणात पहिलं घालणार आहे.

१० जुलै

आला. पहिला नर, पश्चिमेकडच्या मोठ्या ताटव्यावर, सकाळी. विलोतून चालताना पुढे भुर्रकन उठला, चार-पाच हातांवर जाऊन पानाखाली बसला. रंग केशरी, आणि पंखांच्या कडेला जांभळट तपकिरी पट्टा. बाबा सोबत होते, त्यांना तो माझ्याआधी दिसला.

ओळखीबद्दल नव्या मंडळींसाठी. बॉर्डर्ड ब्यूटी नावाचा याचा सख्खा नातलग इंग्लंडभर आढळतो, तोही विलोवरच वाढतो आणि उन्हाळ्यात याच सुमारास उडू लागतो. दोघांच्याही पंखांना साडीच्या काठासारखा गडद पट्टा असतो. फरक पुढच्या पंखाच्या टोकाशी पाहायचा. साध्या बॉर्डर्ड ब्यूटीचा काठ टोकाकडे निमुळता होत जातो आणि टोकावरच संपतो. आपल्या पतंगाचा काठ वरपर्यंत रुंद राहतो. रंगावर जाऊ नका, जुना झालेला पतंग फिका पडतो. मादी नरापेक्षा फिकी, पिवळी असते. शंका असेल तर पारदर्शक डबीत घेऊन, फोटो काढून, तिथंच सोडा. फोटो नाही तर नोंद नाही, कारण या एका ठिकाणच्या नोंदीवर बरंच काही ठरतं.

१८ जुलै

लाल झेंडा. मोजणी रद्द. यासाठीच वेळापत्रकात मोकळे दिवस ठेवलेले असतात. सैन्याचा सराव आणि आमची मोजणी यांत कुणाचा हक्क आधीचा हे सांगायला नको. आणि हेही खरं, की त्या झेंड्यामुळेच या माळावर नांगर फिरला नाही.

२३ जुलै

ठरलेल्या वाटांवरची मोजणी. पद्धत : आखलेली वाट, सावकाश पावलं, दोन्ही बाजूंना हात पुरेल एवढ्या पट्ट्यातच मोजायचं, पुढे उठलेला पतंग कुठे बसला ते लक्षात ठेवून पुन्हा मोजायचा नाही. ऊन, ढग, वारा यांची नोंद प्रत्येक वाटेच्या सुरुवातीला. जोराचा वारा असला तर मोजणीच करायची नाही, कारण पतंग पानांत दडून बसतात आणि आकडा खोटा पडतो.

रात्री प्रकाश सापळे लावले. जुलैत इथं साडेनऊनंतर अंधार पडतो आणि पहाटे साडेचारला उजाडतं, म्हणजे झोप नावापुरती. बाबा पहाटे माझ्याआधी तयार होते. सापळ्यात बरेच पतंग होते, त्यांतले आमचे थोडे, आणि जे होते ते सगळे नर. मादी प्रकाशावर क्वचितच येते. त्यामुळे सापळ्याच्या आकड्यावरून संख्येचा अंदाज बांधायचा नाही, पतंग कुठे आहे एवढंच त्यातून कळतं. बाबांनी एकेक ट्रे उचलून माझ्या हातात दिला. आयुष्यभर ज्यांची संख्या कमी करण्यासाठी राबलो, त्यांच्यातला एक मोजताना तो आणखी असावा असं वाटतं, असं ते परतताना गाडीत म्हणाले.

३१ जुलै

आज मादी पाहिली. विलोच्या ताटव्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, निवांत. उठवलं तरी लांब गेली नाही. नर माळावर फिरतो, मादी जिथं जन्मली त्या ताटव्याच्या आसपासच राहते. या जातीचं भवितव्य या एका सवयीत आहे. दोन ताटव्यांमध्ये मोठा मोकळा पट्टा असेल तर दुसऱ्या ताटव्यावरची विलो कितीही चांगली असली तरी तिथं अंडी घालायला कुणी पोहोचत नाही. एखाद्या ताटव्यावरून पतंग गेला की तो परत येत नाही, शेजारून कुणी आलं तरच येईल. म्हणून फेब्रुवारीतल्या काड्या. त्यांतून तयार होणारी रोपं चांगल्या ताटव्यांच्या मध्ये, पायरी-पायरीने लावायची आहेत.

स्कॉटलंडमधल्या सहकाऱ्यांशी फोनवर बोलणं झालं. तिथं, इन्श मार्शेससारख्या जागी, हाच पतंग विलो सोडून ॲस्पेनवर वाढतो. ॲस्पेन मोठा वृक्ष असला तरी अळीला त्याचे उंच शेंडे नकोत. मुळांतून जमिनीवर फुटणारे, कमरेपेक्षा खालचे धुमारे हवेत. आणि तेच हरणं, मेंढ्या, ससे खातात. झाड वेगळं, देश वेगळा, तरी दोन्हीकडे अडचण तीच : जमिनीजवळची कोवळी वाढ आणि तिच्यावर टपलेलं तोंड. हायलँड वाइल्डलाइफ पार्कमध्ये तिथल्या पतंगांची बंदिस्त पैदासही केली जाते. आमच्या गटातल्या काहींना इथंही तसं सुरू करावं असं वाटतं. माझं मत अजून तसं नाही. अळ्या वाढवून सोडायच्या कुठे? आधी त्यांना खायला विलो हवी, म्हणजे पैदाशीच्या प्रश्नाआधी चराईचा प्रश्न सुटायला हवा.

१५ ऑगस्ट

उडण्याचा हंगाम संपत आला. आज दिसलेले नर फाटलेल्या पंखांचे, फिके होते. हेदर मात्र फुलली आहे, सगळा माळ जांभळा. ओल्या खळग्यांत मार्श जेन्शियनची निळी फुलं दिसली. ही वनस्पतीही इंग्लंडमध्ये दुर्मीळ आहे आणि तिलाही माळ मोकळा, ओला, थोडा तुडवलेला लागतो. कडेच्या चिखलात दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती. कासवर पाहिलेला दवबिंदू वेगळ्या जातीचा, पण पानांवरचे चिकट थेंब तसेच, आणि कारणही तेच : मातीत नत्र नाही म्हणून किडे पकडायचे. बाबा त्याच्यापाशी बराच वेळ उकिडवे बसले होते. परवा ते दोघं परत निघतात.

तळ्याच्या बाजूची मोजणी आधीच आटोपली. पुढच्या वर्षी तिथली वाट बदलावी लागेल, बर्चची सावली पडू लागली आहे.

११ सप्टेंबर

बैठक. लष्कराचे जमीन व्यवस्थापक, नॅचरल इंग्लंडचे अधिकारी, ट्रस्टचे लोक, मेंढ्यांचे मालक आणि आम्ही. पिंजऱ्याच्या आत-बाहेरचा तो एक फोटो सुरुवातीला दाखवला. मग नकाशा : विलोचे ताटवे, त्यांतले पतंग दिसलेले, आणि मेंढ्या सगळ्यात जास्त वेळ जिथं घालवतात त्या जागा. तिन्ही एकावर एक ठेवल्यावर मेंढ्यांचे मालक स्वतः उठून पडद्याजवळ गेले आणि बोट ठेवून म्हणाले, "इथं त्या येतात कारण इथं पाणी आहे. पाणी हलवा, मेंढ्या हलतील."

आम्ही सगळे कुंपणाचा विचार करत होतो. पाण्याचा विचार जनावरांबरोबर रोज चालणाऱ्या माणसालाच सुचतो.

ठरलं ते असं : पूर्वेच्या बाजूला पाण्याची टाकी आणि कुंड बसवायचं. अळ्यांच्या काळात कळपाची मुख्य जागा तिकडे ठेवायची. विलोच्या तीन मोठ्या ताटव्यांभोवती त्या काळापुरतं हलतं विजेचं कुंपण, जून संपला की काढायचं. हिवाळ्याच्या सुरुवातीला, पानगळीनंतर, या ताटव्यांवर कळप नाही, कारण अंडी. मोलिनिया जास्त माजलेल्या पट्ट्यांत मात्र उन्हाळ्याच्या आरंभी, गवत कोवळं असताना, चराई वाढवायची. वाळलेलं गवत मेंढी तोंडात धरत नाही, म्हणून ते कोवळं असतानाच खाऊन घ्यायला हवं. टाकीचा खर्च कोण करणार यावर अजून निर्णय नाही. अर्ज मी लिहिते आहे.

१५ नोव्हेंबर

काड्यांना मुळं फुटून कुंड्यांत छान रोपं झाली होती. बहुतेक जगली, विलोचा हाच गुण. आज ती लावली : नर-मादी मिसळून, दोन चांगल्या ताटव्यांच्या मधल्या पट्ट्यात, ओल धरणाऱ्या जागी. खड्ड्यात खत नाही, बाहेरची माती नाही. इथल्या मातीचा निकसपणा हीच तिची संपत्ती आहे, त्यात काही घातलं तर विलोआधी गवत हसेल. प्रत्येक रोपाभोवती छोटी जाळी. मधमाशीपालन करणाऱ्या एका शेजाऱ्याने खुंट तासून दिले.

बाबांना फोटो पाठवले. त्यांचा निरोप आला : अंतर जास्त वाटतंय, मध्ये अजून एक ओळ बसेल. बरोबर आहे. पुढच्या फेब्रुवारीत काड्या जास्त कापायच्या.

१२ जानेवारी

सगळ्यात जुन्या दोन पिंजऱ्यांची जाळी काढली आणि शेजारच्या खुरटलेल्या ताटव्यांवर लावली. आत वाढलेलं मोलिनियाचं वाळलं गवत दाताळ्याने, विलोच्या काड्यांना धक्का न लावता, ओढून बाहेर काढलं. काम फार सावकाश चालतं, एका ताटव्याला चार माणसं लागतात. खाली विलोच्या जुन्या खोडांवर तांबूस कळ्या होत्या, गवताखाली असूनही जिवंत.

पाण्याच्या टाकीला मंजुरी मिळाली. जागा मेंढ्यांचे मालक दाखवणार आहेत, जमीन कडक असताना गाडी नेऊन घ्यायची, म्हणजे ओल्या हीथवर चाकोऱ्या पडणार नाहीत. फेब्रुवारीच्या कामांत : टाकीची पायाभरणी, काड्या (दक्षिणेकडच्या झुडपांवरूनच), तळ्याकडच्या बर्चची छाटणी, आणि नव्या पिंजऱ्यांच्या जागा नकाशावर चढवणं. विजेच्या कुंपणाचा संच एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या आत माळावर हवा, कारण विलोची पानं त्यानंतर फुटतात आणि अळ्या पानांच्या मागोमाग येतात.